जुनं सागवानी ड्रॉवरचं कपाट घेताना काय पाहावं? पावसाळ्यात ड्रॉवर अडकतात, रंधा मारावा का?

एक ड्रॉवर पूर्ण बाहेर काढून उलटा करा. कोपऱ्यातला डोव्हटेल सांधा (कबुतराच्या शेपटीसारखे दात एकमेकांत अडकवलेला जोड) हाताने कापलेला असेल तर दात कमीजास्त रुंदीचे दिसतात; ही बहुधा जुन्या कामाची खूण. तळाला प्लायवूड निघालं तर तो तळ बदललेला आहे किंवा मालच फार जुना नाही. भाव त्याप्रमाणे करा. बारीक भोकांखाली फिकट, ताजी पूड सांडत असेल तर कीड जिवंत आहे, ते कपाट घरात आणूच नका.

रंधा पावसाळ्यात अजिबात नको. दमटपणानं लाकूड फुगलेलं असतं; आत्ता तासलं तर उन्हाळ्यात तोच ड्रॉवर खुळखुळेल. ड्रॉवरच्या खालच्या कडांवर आणि तो सरकतो त्या पट्ट्यांवर साधी मेणबत्ती घासा, बहुतेकदा तेवढ्यानं भागतं. ओल धरणाऱ्या भिंतीपासून मात्र कपाट २ इंच लांब ठेवा.