मुलगी मानसोपचार नर्सिंगचं म्हणते आहे

प्रश्न : माझी मुलगी बी.एस्सी. नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. मनोरुग्णालयातलं पोस्टिंग करून आल्यापासून "मला सायकियाट्रीतच काम करायचंय" म्हणते. आम्हाला आयसीयू बरं वाटतं. तिकडे नुसत्या झोपेच्या गोळ्या वाटायच्या. यात ती शिकलेलं विसरेल, अशी भीती आहे. शिवाय सुरक्षिततेचं काय?
– एक वडील, यवतमाळ

उत्तर : नमस्कार. सुरक्षिततेची काळजी रास्त आहे, तिच्याकडे येतेच. पण "नुसत्या गोळ्या वाटायच्या" हे मला अजिबात पटलं नाही, आणि तुमच्या घरातला निर्णय याच मुद्द्यावर अडलाय असं दिसतं.

हॅलोपेरिडॉल हे भास-भ्रमांवरचं औषध नुकतंच सुरू झालेला एखादा रुग्ण घ्या. काही दिवसांत तो वॉर्डात येरझाऱ्या घालू लागतो. जेवायला बसतो नि दोन घासांत उठतो, उभा राहिला तरी पाय बदलत राहतो. नवखी नर्स "रुग्ण बेचैन, ऐकत नाही" असं लिहून मोकळी होते. आजार बळावला असं वाटून डोस वाढतो आणि येरझाऱ्याही वाढतात. जाणती नर्स आधी विचारते, "भीती वाटते म्हणून फिरताय, की पायच बसू देत नाहीत?" "पायच हो सिस्टर," असं उत्तर आलं, की अकॅथिसियाची शंका घ्यायची. हा औषधाचाच दुष्परिणाम असतो. डॉक्टर डोस कमी करतात किंवा प्रोप्रॅनोलॉलसारखं औषध जोडतात. पण राउंड काही मिनिटांचा असतो आणि पूर्ण पाळी रुग्णासमोर नर्सच असते. तिने ओळखलं नाही तर बहुधा कोणीच ओळखत नाही.

मनःस्थितीतले टोकाचे चढउतार आवरणाऱ्या लिथियमचं तर काम फारच नाजूक. रक्तातली पातळी साधारण ०.६ ते १.२ मिलिइक्विव्हॅलंट प्रति लिटर असावी लागते; १.५ च्या वर विषबाधेचा धोका. तुमच्याकडच्या मे महिन्यात जुलाब लागले, अंगातलं पाणी कमी झालं, की तोच डोस घेऊनही पातळी चढते. हात बारीक थरथरणं नेहमीचं असतं. ती थरथर ठळक झाली, तोल जाऊ लागला, बोलणं जड झालं, की पुढची गोळी देण्याआधी डॉक्टरांना फोन. क्लोझापिन या भास-भ्रमांवरच्याच दुसऱ्या औषधावरच्या रुग्णाला घसादुखी आणि ताप आला तर पॅरासिटामॉलवर भागवता येत नाही. या औषधाने रक्तातल्या पांढऱ्या पेशी घटू शकतात, म्हणून त्या लगेच तपासाव्या लागतात. जिभेखाली गोळी दडवून बेसिनकडे जाणाराही ओळखावा लागतो, तोही त्याचा अपमान न करता. आयसीयूत निदान मॉनिटर तरी वाजतो.

आता सुरक्षितता. अंगावर धावून येण्याचे प्रसंग घडतात, ते मी नाकारत नाही. म्हणून चिडलेल्या रुग्णाकडे एकटीने जायचं नाही, दाराची वाट मोकळी ठेवायची, आवाज चढवायचा नाही, हे रीतसर शिकवलं जातं. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने साखळीने बांधायला बंदी केली आणि इतर बंधनांवरही कडक अटी घातल्या. त्यामुळे बोलून शांत करणं हेच मोठं कौशल्य ठरतं. नोकरी घेताना मात्र रात्रपाळीला वॉर्डात किती कर्मचारी असतात, हे तिने आधी विचारावं. उत्तर गुळमुळीत आलं तर ती जागा सोडावी.

हे काम सगळ्यांना मानवत नाही. आठवडेच्या आठवडे फरक दिसत नाही, बरा होऊन गेलेला रुग्ण औषध बंद करून परत येतो. नोंदी लिहिण्याचा कंटाळा असेल तर या वाटेला जाऊच नये. पोस्टिंगमध्ये विद्यार्थिनी रुग्णाशी झालेलं बोलणं शब्दशः लिहितात, त्याला प्रोसेस रेकॉर्डिंग म्हणतात. ते लिहिताना तिला कसं वाटलं, एवढं तिला विचारून बघा. तिचा कल खरा आहे का, हे त्यातून कळेल.

पुढचा रस्ता सरळ आहे. पदवी आणि महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी झाली, की मानसोपचार नर्सिंगचा एक वर्षाचा पोस्ट बेसिक डिप्लोमा किंवा दोन वर्षांची एम.एस्सी. करता येते. बेंगळुरूचं निम्हान्स या शिक्षणासाठी नावाजलेलं आहे. एम.एस्सी.ला पदवीनंतर एक वर्षाचा अनुभव लागतो. ते वर्ष तिने मेडिसिन वॉर्डात किंवा तुम्ही म्हणता तसं आयसीयूत काढावं. मनोरुग्णालाही मधुमेह असतो, ओलान्झापिनसारख्या मानसिक आजारावरच्या औषधाने वजन आणि साखर वाढते, तेव्हा तिथलं शिक्षण पुढे रोज उपयोगी पडेल. वर्षभरानंतरही ती हेच म्हणत असेल, तर प्रवेशाचा अर्ज भरायला तुम्ही स्वतः तिच्याबरोबर बसा.