छळछावणीच्या कागदांत लेकीला आयुष्य घालवायचंय, काय करू?

प्रश्न : माझी मुलगी इतिहास घेऊन बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. जर्मन भाषेची बी-वन पातळी झाली आहे. गेल्या वर्षभर ती होलोकॉस्टमधून, म्हणजे नाझींनी केलेल्या ज्यूंच्या संहारातून, वाचलेल्या लोकांच्या मुलाखती ऑनलाइन पाहते आहे आणि आता म्हणते, या साक्षी आणि हे कागद जपण्याचंच काम मला करायचंय. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत ऐकत बसते, दुसऱ्या दिवशी जेवण जात नाही. मधेच आजीला पानशेतच्या पुराबद्दल विचारून मोबाइलवर रेकॉर्ड करते. तिचे बाबा म्हणतात, यूपीएससी कर नाहीतर एमबीए. मला दोनच गोष्टी विचारायच्या आहेत. यात पोट भरेल का? आणि हे सगळं ऐकून माझ्या लेकीचं मन धड राहील का?
– एक आई, पुणे

उत्तर :

ताई, तुमच्या दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकाच गोष्टीवर अवलंबून आहे. तुमची लेक रोज सकाळी टेबलाशी बसून नेमकं काय करणार? ‘होलोकॉस्टचं काम’ नावाची नोकरी कुठेच नसते. कुणी ओलावलेला कागद सोडवतं, कुणी कैद्याच्या नोंदणी कार्डावरचं अक्षर लावतं, कुणी दोन तासांच्या मुलाखतीत कोणत्या मिनिटाला कोणत्या गावाचा उल्लेख आहे ते टिपून ठेवतं. यातलं कुठलं काम आपल्या हाताला बसतं हे तिला अजून ठरवायचं आहे. ते ठरेपर्यंत तिची ओढ कितीही खरी असली तरी तिला करिअर म्हणता येणार नाही.

कागदापासून सुरू करते, कारण पोलंडमधल्या वॉर्साच्या घेट्टोत, म्हणजे नाझींनी ज्यूंना कोंडलेल्या वस्तीत, हे काम करणाऱ्यांनी त्यासाठी जीव दिला. एमानुएल रिंगेलब्लुम हा इतिहासकार स्वतः त्या कोंडवाड्यात होता. १९४०च्या नोव्हेंबरात त्यानं गुप्तपणे एक गट जमवला. शनिवारी भेटायचे म्हणून गटाचं नाव ‘ओनेग शाबात’, म्हणजे शब्बाथचा, ज्यूंच्या शनिवारच्या विश्रांतीच्या दिवसाचा, आनंद. डायऱ्या, शाळकरी मुलांचे निबंध, रेशनकार्डं, ट्रामची तिकिटं, अगदी गोळ्या-चॉकलेटचे कागदसुद्धा त्यांनी गोळा केले. पुढे लोकांना कसं जगावं लागलं ते कळायला यातलं काय उपयोगी पडेल हे आधी सांगता येत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. ऑगस्ट १९४२मध्ये हा ऐवज पत्र्याच्या दहा पेट्यांत घालून जमिनीत पुरला, नंतरचा भाग दुधाच्या दोन मोठ्या कॅनमध्ये. पेट्या सप्टेंबर १९४६मध्ये सापडल्या, कॅन डिसेंबर १९५०मध्ये. तिसरा साठा आजवर सापडलेला नाही. रिंगेलब्लुमला १९४४च्या मार्चमध्ये ठार मारलं गेलं. साठएक जणांच्या त्या गटातले फक्त तिघं वाचले, आणि जे हाती लागलं ती सुमारे ३५ हजार पानं आहेत.

माझ्याकडे येणाऱ्या मुलांना मी हमखास सांगते ती बाब पुढची आहे. पेट्यांत पाणी शिरलं होतं. कागद एकमेकांना चिकटले होते, शाई फुटली होती. कॅनमधला ऐवज त्यामानानं धड राहिला. जिवावर उदार होऊन जमवलेलं पान शेवटी वाचता येतं की नाही, हे डबा किती घट्ट बंद होता यावर ठरलं. अर्काइव्हचं, म्हणजे जुनी कागदपत्रं जपणाऱ्या दफ्तराचं, शिक्षण म्हणजे हा डबा बंद करायला शिकणं. आम्लामुळे पिवळा पडून मोडणारा कागद, कसर, बुरशी, दमट हवा, जपानी टिश्यूनं चिकटवलेली फाटकी घडी आणि या सगळ्याआधी, कुठला कागद कुठून आला याची चोख नोंद. तिला हात वापरायला आवडत असेल तर तिनं ही वाट धरावी.

दुसरी वाट भाषेची, आणि तुमच्या लेकीनं अर्धी चढण चढलेली आहे. जर्मनीतल्या बाड आरोल्सेन गावी ‘आरोल्सेन अर्काइव्ह्ज’ आहे. युद्धानंतर हरवलेली माणसं शोधायला उभं राहिलेलं हे केंद्र. आज तिथं सुमारे ३ कोटी कागद आहेत आणि १ कोटी ७५ लाख माणसांबद्दलची माहिती. २०१३पासून ते युनेस्कोच्या ‘जागतिक स्मृती’ यादीत आहे. एकच आडनाव जर्मन कारकुनानं एक, पोलिश कारकुनानं दुसरं आणि घाईत असलेल्या तिसऱ्यानं तिसरंच लिहिलेलं असतं, म्हणून तिथली नावांची सूची उच्चारावर लावलेली आहे. अशा ठिकाणी भाषेचा कान असलेलं माणूस लागतं. जेरुसलेमच्या याद वाशेम या होलोकॉस्टच्या स्मारक-संस्थेकडे मारल्या गेलेल्या साठ लाख ज्यूंपैकी सुमारे ५० लाखांची नावं जमली आहेत. उरलेल्यांचा शोध चालू आहे.

आरोल्सेनच्या ‘एव्हरी नेम काउंट्स’ या उपक्रमात कुणीही घरबसल्या स्कॅन केलेल्या कार्डांवरची नावं, जन्मतारखा, कैदी क्रमांक टाइप करू शकतं. तिला या आठवड्यात पन्नास कार्डं भरू द्या. हे काम संथ आहे, एकसुरी आहे, डोळे दुखतात. एकावन्नावं कार्ड उघडावंसं वाटलं, तर तिच्या बाबांशी मी स्वतः बोलेन.

तिसरी वाट साक्षींची. तिचा जीव अडकला आहे तो इथेच, म्हणून इथे मला थोडं कठोर बोलायचं आहे. वाचलेल्यांच्या साक्षी चित्रित करून जपणारं शोआ फाउंडेशन १९९४मध्ये सुरू झालं आणि त्यांच्याकडे ५० हजारांहून अधिक मुलाखती आहेत. येल विद्यापीठाचा संग्रह त्याहून जुना. ते चित्रण १९७९मध्ये न्यू हेवन शहरात सुरू झालं. युद्धाच्या वेळी जे स्वतः लहान मुलं होते तेही आज ऐंशी-नव्वदीत आहेत. तुमची लेक शिकून तयार होईपर्यंत नव्या मुलाखती घेण्याचं काम जवळपास संपलेलं असेल. समोर बसून ऐकण्याची तिची इच्छा मला समजते, पण तिच्या वाट्याला येईल ते आधीच बोललेल्या शब्दांची राखण : जुन्या टेपा नव्या माध्यमावर नेणं, भाषांतर, सूची, आणि साक्ष कागदाशी ताडून पाहणं.

ताडून पाहणं म्हणजे काय ते एका उदाहरणानं सांगते. येलच्या संग्रहात एक बाई ऑशविट्झ छळछावणीतला ७ ऑक्टोबर १९४४चा कैद्यांचा उठाव सांगतात. प्रेतं जाळण्याच्या भट्ट्यांची चार धुराडी उडाली, असं त्या म्हणतात. इतिहासकारांनी बोट ठेवलं की धुराडं एकच उडालं होतं, म्हणून ही साक्ष धरता येत नाही. संग्रहाच्या संस्थापकांपैकी एक, स्वतः बालपणी छळछावणीतून वाचलेले मनोविकारतज्ज्ञ डोरी लाउब यांचं म्हणणं वेगळं होतं. जिथं कैदी उठाव करतील ही कल्पनाच अशक्य होती तिथं तो झाला, आणि बाई त्या अशक्याची साक्ष देत होत्या. माझ्या मते दोन्ही बाजूंशिवाय अर्काइव्ह चालत नाही. सूचीत ‘चार धुराडी’ असं बाईंच्या शब्दांत राहिलं पाहिजे, आणि कागद काय सांगतो तेही शेजारी राहिलं पाहिजे. एकानं दुसऱ्याला पुसायचं नाही. हा संयम तिच्यात असेल तर ती या कामाची आहे.

आता पोटाचं. आरोल्सेन किंवा याद वाशेमसारख्या संस्थांत जागा थोड्या असतात आणि तिथल्या भाषा बोलणाऱ्या स्थानिकांशी स्पर्धा असते. म्हणून लगेच कर्ज काढून परदेशी पाठवू नका. आधी इतिहासात एम.ए., सोबत जर्मन किमान बी-टू. रानडे इन्स्टिट्यूट आणि मॅक्स म्युलर भवन दोन्ही पुण्यातच आहेत. मग दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराचा स्कूल ऑफ आर्कायव्हल स्टडीजमधला एका वर्षाचा डिप्लोमा. पात्रता आणि तारखा त्यांच्या जाहिरातीत बघा. त्यानंतर दोन वर्षं नोकरी. पुण्यात पेशवे दफ्तर आहे, रिझर्व्ह बँकेचं स्वतःचं अर्काइव्ह आहे. मुंबईत राज्याचं पुराभिलेखागार आहे, गोदरेज अर्काइव्ह्ज आहे. पहिली नोकरी बहुधा कंत्राटी असेल, पगार आयटीतल्या मैत्रिणींपेक्षा बराच कमी. पण तिचा विषय बदलला तरी हे कौशल्य तिला कुठेही रोजगार देईल, हे तिच्या बाबांना सांगा. एवढा अनुभव गाठीशी आला की हैफा विद्यापीठाचं होलोकॉस्ट अभ्यासातलं एम.ए. किंवा जर्मनीतल्या पॉट्सडाम शहरातलं अर्काइव्हचं शिक्षण बघता येईल. जर्मनीत बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणी शुल्क नसतं, राहण्याच्या खर्चाची तयारी मात्र आधी दाखवावी लागते.

एम.ए.च्या प्रबंधासाठी तिला एक सुचवते. नाझी राजवटीतून पळून काही ज्यू मुंबईला आले होते. आकाशवाणीची ती ओळखीची सुरावट रचणारे वॉल्टर काउफमान त्यांपैकीच. १९३९मध्ये युद्ध सुरू झाल्यावर जर्मन पासपोर्टमुळे अशा निर्वासितांनाही शत्रुदेशाचे नागरिक म्हणून स्थानबद्ध केलं गेलं, आणि पुरंदर किल्ल्यावरही अशी छावणी होती. जर्मन आणि मराठी दोन्ही येणाऱ्या मुलीला हे कागद वाचता येतील. कोल्हापूरजवळच्या वळिवड्याच्या पोलिश छावणीशी मात्र तिनं याची गल्लत करू नये. तिथले बहुतेक लोक सोव्हिएत राजवटीनं सैबेरियाकडे हाकललेले कॅथलिक होते, त्यांची कहाणी वेगळी आहे.

आणि तिचं मन. रात्री दोन वाजता एकटीनं ऐकणं आजपासून बंद. त्यात रागवायचं काही नाही, या कामाची शिस्तच तशी आहे. दिवसाउजेडी एक मुलाखत, हातात वही, आणि संपल्यावर कुणाशी तरी बोलणं. नुसतं ऐकणाऱ्याच्या अंगावर ते सगळं येतं. टिपणारा निदान काहीतरी करत असतो. तरीही महिनाभरात झोप आणि जेवण सुरळीत झालं नाही, तर समुपदेशकाकडे न्या, आणि ते या क्षेत्राला नालायक असण्याचं लक्षण आहे असं तिला वाटू देऊ नका.

आजीचं रेकॉर्डिंग मला फार मोलाचं वाटलं. १२ जुलै १९६१ला पानशेत फुटलं, तेव्हा जेरुसलेममध्ये नाझी अधिकारी आइखमानचा खटला चालू होता आणि शंभरावर साक्षीदार तिथं बोलून गेले होते. त्या साक्षीदारांची निवड करण्यात राखेल आउअरबाखचा मोठा वाटा होता. रिंगेलब्लुमच्या गटातल्या वाचलेल्या तिघांपैकी ती एक. तुमच्या लेकीनं आजीची मुलाखत शब्दशः उतरवावी, मिनिटवार सूची करावी, आजी सांगते ती वेळ त्या काळच्या वर्तमानपत्राशी ताडावी, आणि फरक आढळला तर आजीचं वाक्य आहे तसंच ठेवून शेजारी टीप लिहावी. ते काम घेऊन दोघी माझ्याकडे या.

तोवर त्या रेकॉर्डिंगच्या दोन प्रती करा. एक घरातल्या हार्ड डिस्कवर, दुसरी मामाकडे किंवा काकांकडे, दुसऱ्या घरात. मोबाइलमधली प्रत धरू नका.