रीडिंग न घेता सही

प्रश्न : बाई, ख्रिस्तात सलाम. मी चिंचवडला एका छोट्या कारखान्यात फायनल इन्स्पेक्शनला आहे. संध्याकाळी टेम्पो दारात लागलेला असतो, माल पॅक झालेला असतो आणि मॅनेजर म्हणतात, "पीडीआय भरून टाक, रीडिंग ठोक." पीडीआय म्हणजे माल पाठवण्याआधीच्या तपासणीचा रिपोर्ट. म्हणजे नग न मोजताच आकडे लिहायचे आणि खाली माझी सही. कां-कू केली तर "तुझ्यासारखे गेटवर पुष्कळ उभे आहेत" असं ऐकून घ्यावं लागतं. घराचा हप्ता चालू आहे, मुलगी दहावीला आहे. मंडळीत, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, बोललो तर सगळे म्हणतात, "प्रभूवर भरवसा ठेव." रविवारी ठेवतो, सोमवारी पेन उचललं की हात थरथरतो. भरवसा ठेवायचा म्हणजे मी नेमकं करायचं काय?
— एक वाचक, चिंचवड

उत्तर : सलाम. तुमच्या मंडळीतल्या लोकांनी सांगितलं ते खरंच आहे. फक्त वाक्य अर्धवट सोडून ते चहाला निघून गेले.

आधी भीती जाईल, मग भरवसा येईल आणि मग मी खरं लिहीन, अशी वाट बघत बसलात तर बघता बघता रिटायर व्हाल. हात थरथरतोय तर थरथरू दे. थरथरत्या हाताने खरा आकडा लिहिलात की ठेवलात भरवसा. येशूचा शिष्य पेत्र पाण्यावरून चालताना बुडायला लागला तेव्हा "प्रभू, वाचवा" एवढंच ओरडला. येशूने आधी हात धरला, अल्पविश्वासी म्हणून कान उपटला तो नंतर.

माझे यजमान खडकीला इन्स्पेक्शनमध्ये होते, त्यामुळे तुमचा टेम्पो मला इथे बसून दिसतो. मायक्रोमीटर पेटीत ठेवताना ते त्याची तोंडं कधी घट्ट मिटू देत नसत, बारीकशी फट ठेवत. उन्हाळ्यात धातू फुगला तर ताण पडतो म्हणून. ते म्हणायचे, ठोकलेला रिपोर्ट नुसता वाचून ओळखता येतो. २५ मिलिमीटरचा व्यास असेल तर २५.००, २५.०१, २५.००, २५.०१ असे आकडे ओळीने गुमान बसलेले असतात. खरोखर मोजलेले आकडे इकडेतिकडे पळतात, एखादा पार मर्यादेला टेकतो. तेव्हा ग्राहकाचा ऑडिटर आज ना उद्या ते ओळखेल. त्या दिवशी कागदावर सही तुमची असेल, मॅनेजरसाहेबांचं "ठोक" कुठेच लिहिलेलं नसेल. आणि तो नग कुणाच्या तरी गाडीत बसणार आहे, हे तुम्हाला मी सांगायला नको.

तुमचा प्रश्न नवा नाही. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाकडे जकातदार आणि शिपाई आले होते आणि त्यांनीही हेच विचारलं, "आम्ही काय करावं?" (लूक ३). नोकरी सोडून रानात या, असं त्याने सांगितलं नाही. जकातदारांना म्हणाला, ठरल्यापेक्षा जास्त घेऊ नका. शिपायांना म्हणाला, धाक दाखवून कुणाचे पैसे उकळू नका, पगारात भागवा. म्हणजे जिथे बसता तिथेच, तुमच्याच टेबलावर.

तर टेबलावर काय करायचं? मोजलं तेवढंच लिहायचं. पाच नग मोजायचे होते आणि तीनच झाले, तर तीन रीडिंग लिहा, उरलेल्या रकान्यांत आडवी रेघ मारा, मग सही करा. मॅनेजरना "हे पाप आहे" म्हणू नका. "साहेब, पंधरा मिनिटं द्या, मोजून देतो" म्हणा. दुसऱ्या दिवशी सकाळी, टेम्पो दारात नसताना, पहिला लॉट दुपारीच तुमच्याकडे पाठवता येईल का ते विचारा. माल मापाबाहेर असेल तर ग्राहकाकडून डेव्हिएशन, म्हणजे तेवढा फरक चालवून घ्यायची परवानगी, मंजूर करून घ्यायची सोय असते, ती त्यांनाही ठाऊक आहे. त्यांच्याही डोक्यावर कुणीतरी बसलेलं आहे. त्यांच्यासाठी नाव घेऊन प्रार्थना करा, पण मंडळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नको.

नोकरी राहील का? मी तसं वचन देणार नाही, आणि पवित्र शास्त्रही देत नाही. मूर्तीपुढे वाका नाहीतर भट्टीत टाकतो म्हणणाऱ्या राजाला शद्रख, मेशख आणि अबेद्नगो म्हणाले, आमचा देव आम्हाला सोडवायला समर्थ आहे. आणि नाही सोडवलं तरी आम्ही तुझ्या मूर्तीपुढे वाकणार नाही (दानीएल ३). साक्षीच्या सभेत आपण पहिला भाग जोरात सांगतो. दुसऱ्या भागाला आवाज का खाली जातो कोण जाणे.

म्हणून तयारी करा. बुरूज बांधायला निघालेला माणूस आधी बसून खर्चाचा हिशेब करतो, हे येशूच सांगतो (लूक १४), आणि उद्याची चिंता करू नका हेही तोच सांगतो. आज रात्री जेवणं झाली की बायकोला सगळं सांगा. अजून सांगितलं नसणार, असा माझा अंदाज आहे. किती महिन्यांचे हप्ते हाताशी आहेत ते दोघं मिळून बघा. बायोडेटा ताजा करून भोसरी-चाकणला ओळखीच्यांकडे देऊन ठेवा. आणि मंडळीतल्या एखाद्या वडिलांना, म्हणजे एल्डरना, गाठून स्पष्ट विचारा : "माझी नोकरी गेली तर मुलीच्या क्लासची दोन महिन्यांची फी मंडळी उचलेल का?" भरवसा ठेव म्हणणाऱ्यांकडे याचं उत्तर असायला हवं. नसेल तर पाळकांनी पुढच्या रविवारचा उपदेश त्यावरच करावा.

प्रश्न : मी जन्मापासून ख्रिस्ती. खराडीत नाइट शिफ्टला असते. सकाळी घरी येऊन झोपते, त्यामुळे शांत वेळ, म्हणजे रोजचं एकटीने बायबल वाचणं, प्रार्थना वगैरे होत नाही. खरं सांगायचं तर प्रार्थनेत काही जाणवतही नाही. माझा विश्वास खोटा आहे का?
— वडगाव शेरी

उत्तर : पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडला झाला. आठ वर्षांनी आपल्याला कळलं की ख्रिस्ती धर्म मिळाला होता पण ख्रिस्त मिळाला नव्हता, असं त्यांनी स्वतःच लिहून ठेवलं आहे. तोवर त्यांचं शारदा सदन मुंबईहून आपल्या पुण्यात आलं होतं. मुलींची शाळा चालू, गावाची टीका चालू, आणि मनात हे. काम टाकून त्या बसल्या नाहीत, आणि शोधणंही सोडलं नाही. तूही दोन्ही चालू ठेव.

पहाटेच पाच वाजता गुडघ्यावर बसलं पाहिजे हा नियम दिवसपाळीवाल्यांनी केलेला आहे. कॅबमध्ये बसलीस की स्तोत्र १२१ वाच, आठच ओवी आहेत. इस्राएलाचा रक्षक झोपत नाही की डुलकी घेत नाही, असं त्यात म्हटलंय. तुझ्या शिफ्टला याहून चांगलं काय हवं? वाचून झाल्यावर तुझ्या टीममधल्या एका माणसाचं नाव घे, त्याला काय हवंय ते देवाला सांग, आणि त्या रात्री त्याच्याशी नीट बोल. काही जाणवतंय का ते सारखं तपासत बसू नकोस.

प्रश्न : आमचे हे म्हणतात, टर्म इन्शुरन्स काढणं म्हणजे अविश्वास. दोन लहान मुलं आहेत. काय करू?
— हडपसर

उत्तर : सुकाळाच्या सात वर्षांत योसेफाने मिसरात (इजिप्तमध्ये) पुढच्या दुष्काळासाठी पिकाचा पाचवा हिस्सा साठवला, त्याला कुणी अविश्वासी म्हटलं नाही. वधस्तंभावर असताना येशूने आपल्या आईला आपला शिष्य योहान याच्या हवाली केलं. योहान तिला स्वतःच्या घरी घेऊन गेला (योहान १९). हे यजमानांना वाचून दाखवा आणि फॉर्म त्यांच्याच हातात द्या. तब्येतीच्या रकान्यात तंबाखू लपवू देऊ नका, आणि नॉमिनी म्हणून तुमचंच नाव पडलंय ना, तेवढं बघून घ्या.