जुनी विंडोज राखून लिनक्स वापरून पाहता येईल का?

प्रश्न : माझ्या लॅपटॉपवर विंडोज १० आहे. प्रोसेसर इंटेलच्या सहाव्या पिढीचा असल्यामुळे त्यावर विंडोज ११ बसणार नाही, असे दुकानदाराने सांगितले. आमच्या गृहनिर्माण संस्थेचे हिशेब आणि माझे बरेचसे मराठी लेखन याच लॅपटॉपवर आहे. लिनक्स वापरून पाहण्याची इच्छा आहे, पण त्यापायी विंडोज किंवा फाइल गमावण्याची तयारी नाही. काय करावे?
— एक वाचक, सातारा

उत्तर : दुकानदाराने सांगितले ते बरोबर आहे. विंडोज ११ साठी इंटेलचा साधारणपणे आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो, आणि विंडोज १० चा नियमित आधार, म्हणजे सुरक्षेच्या सुधारणा पुरवणे, मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला आहे. त्यामुळे लिनक्स या मोफत संगणक प्रणालीचा विचार आपण योग्य वेळी करीत आहात. मात्र हार्ड डिस्कला हात लावण्याची घाई करू नये, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

लिनक्स पेनड्राइव्हवरून थेट चालते. नवख्या माणसासाठी मी लिनक्स मिंट हा त्याचा प्रकार सुचवेन, कारण त्याची मांडणी विंडोजच्या सवयीला जवळची आहे आणि त्याच्या २२ व्या आवृत्तीला एप्रिल २०२९ पर्यंत आधार आहे. मिंटच्या अधिकृत संकेतस्थळावरून आयएसओ फाइल (म्हणजे संपूर्ण प्रणाली सामावलेली एकच फाइल) उतरवून घ्यावी आणि रुफस या मोफत प्रोग्रॅमने ती किमान ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर चढवावी. या क्रियेत पेनड्राइव्हवरचे आधीचे सर्व काही पुसले जाते, म्हणून तो रिकामाच घ्यावा. नंतर लॅपटॉप सुरू होताना बूट मेन्यूची (यंत्र कशावरून सुरू करायचे ते निवडण्याच्या यादीची) कळ दाबून पेनड्राइव्ह निवडावा. ही कळ कंपनीनुसार एफ१२, एफ९ किंवा एस्केप अशी बदलते.

अशा रीतीने सुरू झालेले लिनक्स आपणहून हार्ड डिस्कवर काही बसवत नाही. तरी विंडोजचे ड्राइव्ह तेथूनही दिसतात व उघडतात, आणि तेथे पुसलेली फाइल खरोखरच पुसली जाते, हे ध्यानात असू द्यावे. वाय-फाय, आवाज, प्रिंटर, झाकण मिटल्यावर यंत्र झोपणे आणि पुन्हा जागे होणे, तसेच इनस्क्रिप्ट या कळफलक-मांडणीने मराठी टंकलेखन, एवढे सावकाश तपासावे. वेगावरून मात्र मत बनवू नये, कारण पेनड्राइव्हवरून सर्वच संथ चालते. या काळात केलेले काम यंत्र बंद होताच नाहीसे होते, तेव्हा महत्त्वाचे काही त्यात लिहू नये.

समाधान झाले आणि दोन्ही प्रणाली शेजारी-शेजारी ठेवाव्याशा वाटल्या, तर आधी सर्व फाइलची प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्यावी आणि त्यातल्या चार-दोन फाइल उघडून पाहाव्यात. न उघडलेली प्रत मी बॅकअप मानत नाही. बिटलॉकर (डिस्कवरील मजकूर कुलूपबंद ठेवणारी विंडोजची सोय) चालू असेल तर त्याची ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर उतरवून ठेवावी, कारण बूटच्या रचनेत बदल झाला की विंडोज ती मागू शकते आणि ती नसेल तर आपल्याच फाइल आपल्याला उघडता येत नाहीत. विंडोजमधील फास्ट स्टार्टअप (यंत्र लवकर सुरू करण्याची सोय) बंद करावे. ते चालू असताना विंडोज पूर्णपणे बंद होत नाही, आणि लिनक्समधून त्या ड्राइव्हवर लिहिणे धोक्याचे ठरते. लिनक्ससाठीची ४०-५० जीबी जागा विंडोजच्याच डिस्क मॅनेजमेंटमधून मोकळी करावी.

खरा धोका एकाच पडद्यावर असतो. लिनक्स डिस्कवर बसवणारा प्रोग्रॅम, म्हणजे इन्स्टॉलर, ‘विंडोजच्या सोबत बसवायचे, की संपूर्ण डिस्क पुसून’ असे विचारतो. सोबत बसवण्याचा पर्याय दिसलाच नाही, तर पुढे जाऊ नये. तेथूनच परत फिरावे आणि जाणकाराला दाखवावे. दोन्ही प्रणाली बसल्यावर काही वेळा विंडोजचे घड्याळ साडेपाच तास मागे पडते. यंत्रातील घड्याळ लिनक्स जागतिक वेळेवर ठेवते आणि विंडोज ती वेळ स्थानिक समजते, एवढेच त्याचे कारण आहे. लिनक्सला घड्याळ स्थानिक वेळेवर ठेवायला सांगितले की हा घोळ मिटतो.

संस्थेचे हिशेब एक्सेलमध्ये असतील तर लिबरऑफिस या मोफत ऑफिस प्रोग्रॅममध्ये ते उघडतील, मात्र मॅक्रो (आपोआप चालणाऱ्या आज्ञा) असल्यास नीट पडताळून घ्यावे. टॅलीसारख्या हिशेबाच्या प्रोग्रॅमवर असतील तर विंडोज तेवढ्यासाठी राहू द्यावी, आणि बँकेचे व्यवहार, ई-मेल व इंटरनेटवरील इतर कामे लिनक्समधून करावीत.