पिकअपला ट्रकचे टायर टाकू का?

प्रश्न : भाऊ, माझ्याकडे बोलेरो पिकअप आहे, टायर २१५/७५ आर १५. हंगामात संत्रा घेऊन नागपूरच्या कळमना मार्केटला जातो, बाकी वेळी कापूस, ढेप, खत, जे भाडं मिळेल ते. लोड भरला की मागचे टायर साइडनं फुगतात आणि उन्हाळ्यात भर रस्त्यात बसतात. मोबाइलवर पाहिलं की अमेरिकेत लोक पिकअपची चाकं काढून साडेएकोणीस इंची ट्रकची टाकतात. आपल्याकडे जमेल का? आणि जमलं तर दोन-चार क्विंटल जास्त भरता येईल का?
– एक वाचक, ता. मोर्शी

उत्तर : भाऊ, शेवटचं आधी सांगतो कारण खरी गोम तिथंच आहे. संत्र्याचं एक कॅरेटसुद्धा जास्त भरता येणार नाही. टायर कितीही तगडा टाका, मागचा एक्सल, बेअरिंग, पाटे, ब्रेक, चेसिस सगळं तेच राहते आणि आरसीवर जे एकूण वजन लिहिलंय ते टायर बदलल्यानं बदलत नाही. त्याच्यावर गेलात तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ खाली २० हजार दंड आणि वरच्या प्रत्येक टनाला २ हजार वेगळे, वरून जास्तीचा माल तिथंच उतरवा म्हणतात.

आता ती अमेरिकेची चाकं. तिकडचा मोठा पिकअप भरून साडेचार-पाच टनांचा किंवा त्याहून जड असतो, मागं मोठी ट्रॉली ओढतो, आणि फोर्डच्या एफ-४५० ला तर कंपनीच २२५/७० आर १९.५ टायर देते. तो टायर उंचीला ८१ सेंटीमीटर, तुमचा ७०. म्हणजे मीटर ६० दाखवेल तेव्हा गाडी ६९ च्या आसपास पळत असेल, चढावर इंजिन दमेल आणि ब्रेकला जास्त जोर लागेल. शिवाय डिस्कच्या, म्हणजे टायर बसतो त्या लोखंडी चाकाच्या, बोल्टचं माप जुळत नाही म्हणून मधात अडॅप्टर टाकावा लागतो, त्याचा सगळा ताण बेअरिंगवर जातो. आणि कंपनीनं ठरवून दिलेल्या गाडीत असा फेरफार मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये बसत नाही, अपघात झाला तर इन्शुरन्सवाले पहिले हेच काढतील. माझं ऐका, तो नाद सोडा.

पण तुमचा टायर बसतो हा त्रास खरा आहे, त्याचा इलाज करा. नेहमीचा लोड भरून वजनकाट्यावर जा, पूर्ण गाडीची स्लिप घ्या, मग गाडी पुढं घेऊन फक्त मागची चाकं प्लॅटफॉर्मवर ठेवा आणि दुसरी स्लिप घ्या. दुसऱ्या स्लिपचं निम्मं वजन एका टायरवर येते. आता टायरच्या बाजूला मापाच्या पुढं जो आकडा असतो तो बघा, त्यालाच लोड इंडेक्स म्हणतात. १०४ असेल तर एक टायर ९०० किलो झेलते, १०८ असेल तर १०००, ११२ असेल तर ११२०. काट्याचा आकडा त्याला चिकटत असेल तर त्याच मापात जास्त लोड इंडेक्सचा, कमर्शियल गाड्यांसाठीचा टायर घ्या. आणि मागची स्लिप कंपनीनं दिलेल्या एक्सलच्या मर्यादेच्या वर गेली असेल तर मात्र टायरवर पैसे घालू नका, माल कमी करा.

असा जास्त प्लायचा, म्हणजे जास्त थरांचा, टायर घेतला आणि हवा जुनीच ठेवली तर पैसे पाण्यात, कारण तो लिहिलेलं वजन लिहिलेल्या हवेवरच उचलते. मग ती हवा डिस्कला झेपली पाहिजे. बोल्टच्या भोकांजवळ बारीक तडा किंवा गंजाची रेघ दिसली तर डिस्क वेल्डिंग करत बसू नका, नवीनच घ्या. ट्यूबलेस असेल तर हवा भरायचा साधा रबरी वॉल ६५ पीएसआयच्या वर वापरायचा नाही, धातूचा नटवाला वॉल बसवून घ्या, हे पंक्चरवाला आपणहून सांगत नाही.

आणि एक गोष्ट मला फार लागते. आपल्याकडे एप्रिल-मे लागला की लोक हवा कमी करून गाडी काढतात, का तर ऊन आहे, फुटेल. उलटं आहे हो! हवा कमी असली की टायरची बाजू प्रत्येक फेऱ्याला दबते-उठते, त्यानं आतून तापते, तारा सुटतात आणि मग फुटते. अकोला-चंद्रपूरच्या पंचेचाळीस डिग्रीत तर लवकरच. हवा सकाळी गार टायरवर पाहायची, दुपारी तापून वाढलेली दिसली तर काढायची नाही. समृद्धीवर मालगाडीला ८० ची मर्यादा आहे ती पाळा, सिमेंटच्या रस्त्यावर भरल्या गाडीत त्याच्यावर पळवू नका.

प्रश्न : मागचे दोनच टायर नवीन टाकले तर चालते का? अन् स्टेपनी जुनीच आहे.
– एक वाचक, दारव्हा

उत्तर : चालते, पण एका एक्सलवर दोन्ही सारखेच पाहिजेत, एक नवीन एक घासलेला असं नको. पुढं रिमोल्ड, म्हणजे जुन्यावर नवीन रबर चढवलेला, टायर टाकू नका. स्टेपनी त्याच मापाची आणि तेवढ्याच लोड इंडेक्सची ठेवा, घेताना बाजूला डीओटी (DOT) लिहिलेल्या नंबरचे शेवटचे चार आकडे वाचा, ३६२४ म्हणजे २०२४ चा छत्तिसावा आठवडा, फार जुना असेल तर परत करा. गोट्या, म्हणजे टायरची नक्षी, घासून १.६ मिलिमीटरवर आल्या की टायर कायद्यानं बाद आहे. आणि चाकं बदलल्यावर ७०-८० किलोमीटर गाडी चालली की नट परत एकदा पान्यानं आवळून घ्या.