‘मग आजी सांगते ते खोटे का?’

आपल्या दहा वर्षांच्या मुलीला शाळेत शिकवले गेले की माणूस आणि चिंपांझी यांचे पूर्वज एकच होते. शेजारी बसणारी मैत्रीण तिला म्हणाली की देवाने माणूस सहा हजार वर्षांपूर्वी घडवला. आणि आजीकडून तिने मनूची गोष्ट ऐकलेली आहे. ‘मग आजी सांगते ते खोटे का?’ या तिच्या प्रश्नावर आपण ‘मोठी झालीस की कळेल’ असे म्हणून वेळ मारून नेलीत आणि ते आपल्या मनाला लागून राहिले, असे आपण लिहिता. माझी विनंती एवढीच, की हा विषय तिच्याशी पुन्हा आपणहून काढावा.

विज्ञानाचा भाग सांगताना आडपडदा ठेवू नये. माणूस आजच्या माकडांपासून झाला, असे उत्क्रांतीशास्त्र म्हणत नाही. चिंपांझी हे आपले चुलत भावंड आहे आणि दोघांचा सामाईक पूर्वज सुमारे 60 ते 70 लाख वर्षांपूर्वी होऊन गेला. डार्विनने 1871 मध्ये मानवाच्या उत्पत्तीविषयी लिहिले, तेव्हा त्याच्या हाती आजच्यासारखा जनुकीय पुरावा नव्हता. चिंपांझीत गुणसूत्रांच्या 24 जोड्या असतात, माणसात 23. मग एक जोडी गेली कुठे? माणसाचे दुसऱ्या क्रमांकाचे गुणसूत्र तपासले असता, एरवी गुणसूत्राच्या टोकांशी आढळणारा डीएनएचा क्रम त्याच्या आतल्या भागात सापडला, म्हणजे दोन गुणसूत्रे टोकाला टोक जुळून ते बनले होते. दहा वर्षांच्या मुलीला हे जड वाटेल. तिला थंडीत स्वतःच्या हातावर आलेला काटा दाखवावा. केसाळ प्राण्यांत असेच केस उभे राहून हवा धरून ठेवतात आणि ऊब टिकते. घाबरलेली मांजर त्यामुळेच फुगलेली दिसते. आपल्या अंगावर तेवढे दाट केस उरले नाहीत, पण केसांच्या मुळाशी असलेले बारीक स्नायू अजून आखडतात.

आता एका मोहाविषयी सविस्तर लिहितो, कारण आपल्या घरांत तो फार जिव्हाळ्याने जपला जातो. मत्स्य, कूर्म, वराह, नरसिंह, वामन हा क्रम सांगून ‘आपल्याकडे उत्क्रांती आधीच माहीत होती’ असे मुलांना सांगण्यात येते. हेतू चांगला असतो. मुलाला शाळा आणि घर यांत निवड करावी लागू नये, असे आईवडिलांना वाटते. परंतु मत्स्यापासून कूर्म झाला आणि कूर्मापासून वराह, असे पुराणे कुठेही म्हणत नाहीत. एकच विष्णू, विशिष्ट कार्यासाठी, स्वेच्छेने वेगवेगळी रूपे घेतो, हा त्या कथांचा गाभा आहे; आणि नैसर्गिक निवडीत तर कोणाची इच्छा नसते की ठरलेले कार्य नसते. जे जीव परिस्थितीत टिकतात आणि ज्यांची संतती अधिक उरते, त्यांचे गुण पुढे जातात, इतकेच. या दोहोंची बळेच सांगड घातली, तर मुलगी पंधरा-सोळा वर्षांची झाल्यावर ती जुळणी तिच्याच हातून मोडेल, आणि त्या दिवशी तिचा अवतारकथांवरचाच नव्हे तर आपल्या शब्दावरचाही विश्वास डळमळेल. मला ही दुसरी हानी अधिक मोठी वाटते.

आपण श्रद्धाळू आहात, त्यामुळे मनात भीती असणे मी समजू शकतो. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील नासदीय सूक्त काढून पाहावे. ही सृष्टी कुठून आली हे परम आकाशातून पाहणाऱ्यालाच ठाऊक असेल, किंवा त्यालाही ठाऊक नसेल, असे म्हणून ते सूक्त संपते. हे विज्ञान नाही. पण ‘मला माहीत नाही’ असे मुलीसमोर म्हणण्याचा संकोच वाटत असेल, तर तो दूर व्हायला याहून जुना आधार मिळणार नाही.

मैत्रिणीची टिंगल होणार नाही, याकडे मात्र लक्ष द्यावे. सहा हजार वर्षांचा हिशेब बायबलमधील वंशावळी जशाच्या तशा मोजून केलेला आहे, आणि सगळे ख्रिस्ती तो मानत नाहीत. पोप जॉन पॉल दुसरे यांनी 1996 मध्ये उत्क्रांती ही केवळ गृहीतक राहिलेली नाही असे म्हटले होते. मुलीने आपल्याला पटलेले शांतपणे सांगावे आणि मैत्रिणीच्या घरच्या प्रार्थनेविषयी आदरही राखावा. एवढे ती नक्की करू शकेल.

राहिली आजी. तिला परस्पर ‘हे सांगू नका’ असे बजावू नये. मनूच्या ओंजळीत आलेला इवलासा मासा ‘मला वाचव, मी तुला वाचवीन’ असे म्हणतो, मनू त्याला आधी भांड्यात, मग खड्ड्यात, शेवटी समुद्रात नेऊन वाढवतो, आणि प्रलयात तोच मासा त्याची नाव ओढून नेतो. या कथेला माणसाच्या शरीराची जडणघडण सांगायचीच नाही. पुढच्या व्हिडिओ कॉलवर मुलीला आजीला विचारू द्यावे, की थंडीत अंगावर काटा का येतो, आणि उत्तरही तिलाच सांगू द्यावे. त्यानंतर आजीकडून माशाची गोष्ट अखेरपर्यंत ऐकावी; आपल्या पत्रावरून वाटते, की मुलीने ती अर्धीच ऐकलेली आहे.