पोरगं 'ड' तुकडीत गेलं, आता?

"मॅडम, 'ड' तुकडी मिळाली म्हणजे पोरगं वाया गेलं का हो?"

जून संपत आला की हा प्रश्न दरवर्षी येतो. गेल्या वर्षी तो विचारणाऱ्या ताई चार घरच्या पोळ्या उरकून थेट आल्या होत्या. सोबत आठवीतला सुजय (नाव बदललंय), दप्तर मांडीवर, मान खाली.

शाळा तालुक्याच्या गावातली. सातवीच्या मार्कांवरून आठवीत तुकड्या पाडतात. 'अ' म्हणजे सेमी, गणित-विज्ञान इंग्रजीतून. 'ड' म्हणजे उरलेली. तसं तोंडाने कुणी म्हणत नाही, पण बाक उचलायला पोरं कुठल्या वर्गातून बोलावतात ते अख्ख्या शाळेला ठाऊक असतं.

मी वह्या मागितल्या. खाकी कव्हरं, लेबलं, त्यावर वळणदार अक्षरात नाव, इयत्ता, विषय. तुकडीची ओळ सहाच्या सहा वह्यांवर कोरी.

एक गणित घातलं: अर्धा अधिक एक तृतीयांश. त्याने वरचे वर, खालचे खाली मिळवले आणि लिहिलं, दोन पंचमांश. म्हटलं, "अर्धी भाकरी खाल्लीस, वर आणखी तिसरा हिस्सा खाल्लास. एकूण किती, अर्धीपेक्षा जास्त की कमी?" "जास्त." मग त्याने आपलंच उत्तर बराच वेळ न्याहाळलं. "हे तर अर्ध्याहून कमी झालं, मॅडम."

हे कळणारा मुलगा सातवीत गणितात नापास कसा? आईच्या बोलण्यातून उलगडलं. पाचवीत कावीळ झाली, दीड महिना शाळा बुडाली. छेद समान करणं वर्गात तेव्हाच शिकवून झालं. पुढे गुणोत्तर, टक्केवारी, सगळं त्या भोकावरच रचत गेले. शिकवणी लावलेल्या पोराचा असा महिना शिकवणीत भरून निघतो. सुजयच्या घरी तेवढी ऐपत नव्हती. तुकडी मार्कांवर पाडली तरी निवड बरीचशी घरच्या ऐपतीवरच होते, ती अशी.

तुकड्या पाडणं वाईटच, असं मी पूर्वी सरसकट म्हणायचे. आता नाही म्हणत. केनियातल्या प्राथमिक शाळांवरचा एक अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. तिथे वर्ग मार्कांनुसार वेगळे केल्यावर खालच्या वर्गातली मुलंही पुढे सरकली. एक मोठं कारण असं मांडलंय की शिक्षकांना मुलं जिथं होती तिथून शिकवता आलं. आपल्याकडे 'प्रथम' संस्थाही मुलांचे पातळीनुसार गट करते, पण दिवसातल्या थोड्या वेळापुरते, आणि मूल शिकलं की ते वरच्या गटात जातं. आमच्या 'ड'ला पुस्तक तेच, वेग तोच, फक्त अपेक्षा कमी. आणि वर यायची वाट? विचारलं तर सगळे एकमेकांकडे बघतात.

ताईंना वाटत होतं, मुख्याध्यापकांच्या हातापाया पडून लगेच 'अ' मिळवावी. मी थांबवलं. अपूर्णांक कच्चे, त्यात गणित इंग्रजीतून, म्हणजे पोर दोन्हीकडून बुडणार. आधी आम्ही वर्गशिक्षिकेला भेटलो. बाई तडफदार निघाल्या. "मलासुद्धा हा वर्ग शिक्षा म्हणूनच दिलाय," म्हणाल्या, आणि दिवाळीनंतर मुलांची पुन्हा चाचणी घ्यायचं त्यांनी आपणहून कबूल केलं.

घरी 'ढ' आणि 'हुशार' दोन्ही शब्द बंद. रोज वीस मिनिटं चुलत बहिणीकडे पाचवीचं गणित. जुनं पुस्तक मिळालं नाही, म्हणून बालभारतीच्या संकेतस्थळावरून पीडीएफ घेऊन अपूर्णांकाची पानं छापून आणली. पाचवीची पानं कुणी बघू नयेत म्हणून सुजयने त्यांनाही खाकी कव्हर घातलं. घालू दिलं.

जुलैच्या चाचणीत वीसपैकी चार होते, दिवाळीनंतर अकरा. तुकडी बदलली नाही. मध्येच बदलत नाहीत म्हणे. आणि ताईंची काळजी खोटी नाही. अकरावीला सायन्स घ्यायचं तर ते इंग्रजीतूनच, आणि सेमीची मुलं तिथं आधीच सरावलेली असतात. म्हणून जानेवारीत नववीसाठी तुकडीबदलाचा अर्ज आम्ही तिघांनी बसून लिहिला, दोन्ही चाचण्यांचे मार्क जोडून. कार्यालयात उत्तर मिळालं, "जूनमध्ये बघू."

ताईंनी शिक्का मारलेली पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडली नाही.